प्रत माहितीस्तव

"दाखला घे पोरी, पन साधा घे. जावक नंबर कायले पाह्यजे तुले?"

नगराळेसाहेबांनी माझा टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला. ते आमचे ग्रामसेवक. चार गावं आणि तीन पोडं, म्हणजे आदिवासी वस्त्या, त्यांच्या गळ्यात पडलेली, त्यामुळे माणूस एका जागी सापडायचा नाही. सापडला की सोडायचा नाही, हे मी लहानपणीच शिकले होते. त्या दिवशी मी सकाळी नऊपासून पंचायतीच्या पायरीवर ठाण मांडून होते. साहेब साडेबाराला उगवले.

"साहेब, हा कागद बाहेर देशात जानार हाय. नंबर नसला तं ते लोक खरा मानत नाईत."

"आपल्या पंचायतीचा कागद? बाहेर देशात?" त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि बोट ठेवत ठेवत पुन्हा वाचलं.

दाखला देण्यात येतो की, सालईपोड या वस्तीतील सर्व एकेचाळीस कुटुंबे कु. शालिनी भीमराव सुरपाम यांच्या प्रयत्नांमुळे फ्लोराईडमुक्त शुद्ध पाणी पीत असून सदर वस्तीत पिण्याच्या पाण्याची समस्या आता उरलेली नाही. त्याखाली सही-शिक्क्याची जागा. आणि अगदी तळाशी : प्रत माहितीस्तव सविनय सादर. एक, मा. गटविकास अधिकारी. दोन, मा. उपअभियंता, पाणीपुरवठा उपविभाग.

"एकेचाळीसच्या एकेचाळीस?" साहेबांनी विचारलं.

"हो."

त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर नळयोजनेची यादी चिकटवलेली होती. धरणावरून बारा वस्त्यांना पाणी येणार होतं, त्यात सालईपोड तिसरं. कागद पिवळा पडून कोपऱ्यांतून फाटला होता.

"तुमचं नाव हाय नं नळयोजनेत," ते म्हणाले.

"सात वर्सापासून हाय साहेब."

"तेबी खरं हाय." त्यांनी बोट कागदाच्या तळाशी नेलं. "आन ही प्रत काऊन टाकली खाली?"

"सरकारी कागद असाच असते नं. प्रतीबिगर बरा दिसत नाई."

खरंच तेवढंच कारण होतं. तालुक्याच्या टायपिंग सेंटरवाल्याकडे एक जुनं सरकारी पत्र नमुन्याला पडलेलं होतं. त्याच्या तळाशी अशी प्रतींची उतरंड होती आणि त्या उतरंडीमुळे त्या पत्राला काय वजन आलं होतं! मी त्याला म्हटलं, मलाही तशीच टाकून दे.

"पाह्य पोरी," साहेब म्हणाले, "प्रत लिहिली म्हंजे मले धाडा लागते. मी नुस्तं लिहून ठेवनारा मानूस नाई. आन कागद एकदा जावक झाला का मंग तो माया राह्यत नाई."

"मंग धाडा नं. त्याइलेबी समजन आपन काम केलं."

त्यांनी जावक रजिस्टर ओढलं, नंबर टाकला, सही केली, गोल शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा आपटून कागदावर उठवला. मी तो वाळायची वाटसुद्धा पाहिली नाही. फुंकर मारत मारत बाहेर पडले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पोडावरची पहिली एम. एस. डब्ल्यू., त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची.

सालईपोडावर हातपंप दोन. एकाला सरकारी माणसं येऊन लाल रंग मारून गेली होती. लाल पंपाचं पाणी पिऊ नये, त्यात फ्लोराईड आहे, एवढं सांगून ते गेले. दुसरा पंप माघ लागला की कोरडा खडखडाट. म्हणजे वर्षातले पाच महिने लाल पंपाचंच पाणी, रंग कोणताही असो. दिसायला ते काचेसारखं स्वच्छ, चवीला गोड. माझा मोठा भाऊ महादेव त्याच पाण्यावर वाढला. दहाव्या वर्षी त्याचे गुडघे आत वळायला लागले, पंधराव्या वर्षी ते एकमेकांना घासायला लागले. माझी आई चाळिशीतच अशी आखडली की मागून हाक मारली तर अख्खी वळायची, नुसती मान वळायची नाही. देवाचा कोप आहे असं सगळे म्हणत. मी कॉलेजात गेले तेव्हा मला कळलं की तो कोप दर वेळी आम्हीच भांड्यात भरून घरी आणतो.

पुण्याच्या एका संस्थेने आम्हाला फिल्टर दिले. एकेचाळीस घरांना एकेचाळीस. बादलीवर बादली, वरच्या बादलीत पांढरे दाणे, ते दाणे पाण्यातलं विष धरून ठेवतात. मात्र दर तीन महिन्यांनी ते दाणे काढून तालुक्याला न्यायचे, औषधात धुवायचे आणि परत भरायचे. नाही धुतले तर बादली नुसती शोभेची. संस्थेची गाडी दोनदा आली. मग प्रकल्पाची मुदत संपली आणि गाडी यायची थांबली. मी डोक्यावर पोतं घेऊन एसटीने दाणे नेऊन धुवून आणले, पण एकटी किती घरांचे आणणार? त्या ऑक्टोबरात मी घरोघर फिरून मोजलं होतं. एकोणीस घरांत फिल्टर चालू होता. बाकीच्यांत कुठे तूर भरलेली, कुठे मोहफुलं.

संस्थेच्या देवयानीताईंनीच मला फेलोशिपचं सांगितलं. आपल्या वस्तीत बदल घडवणाऱ्या तरुणांसाठी. दहा महिने युरोपात राहायचं, शिकायचं, जगभरातल्या मुलामुलींबरोबर. विमानापासून जेवणापर्यंत सगळा खर्च त्यांचा. अर्ज इंग्रजीत. मी मराठीत लिहायचं, ताई इंग्रजी करणार.

"पाचवा प्रश्न बघ," त्या फोनवर म्हणाल्या. "तुझ्या कामामुळे किती कुटुंबांचं आयुष्य बदललं, आणि त्याला पुरावा काय?"

"एकोणीस, ताई."

"शालू, फिल्टर किती वाटले आपण?"

"एकेचाळीस."

"मग? वाटले हे खोटं आहे का? अगं, तिकडे हजारो अर्ज येतात. निम्मी वस्ती म्हटलीस तर पुढे कोणी वाचणारसुद्धा नाही. आणि स्थानिक सरकारचा कागद जोड. पडताळून पाहता येईल असा."

त्यांनी मला एवढंच सांगितलं. बाकीचं माझं मीच केलं, म्हणून ताईंवर ढकलायचं म्हटलं तरी जमत नाही. अर्जाच्या पहिल्या प्रश्नात विचारलं होतं, तुम्हाला ही फेलोशिप का हवी? मी दीड पान लिहिलं : पोडावरचं पाणी, महादेवदादाचे पाय, आईची मान. वाचून देवयानीताई फोनवर रडल्या. आज खरं सांगते. मला पाण्यासाठी जायचं नव्हतं. मला जायचं होतं. विहिरीवर, पंपावर, लग्नात, मौतीत, जिथे जाईन तिथे "शालू, पानी कवा?" हा एकच प्रश्न कानावर पडून मी विटले होते. आई दर महिन्याला एक स्थळ काढायची. मला वाटायचं, एकदा विमानात बसले की हे सगळं खाली राहील.

जानेवारीत कळवलं की मी शेवटच्या वीसांत आहे, आणि आता समितीची माणसं वस्तीतल्या एका व्यक्तीशी फोनवर बोलतील. मी सोडून दुसऱ्या कोणाशी तरी.

दुर्पता काकूशिवाय माझ्या डोळ्यांपुढे कोणी आलंच नाही. आईची मैत्रीण, पन्नाशीची, पोडावरच्या बायांची पुढारी. तोंडाने फटकळ. चावडीपुढच्या बैठकीत पुरुषांच्या मध्ये उठून बोलणारी ही एकटी बाई. फिल्टर घरात घ्यायला बाया बिचकत होत्या तेव्हा सगळ्यांत आधी तिनेच घेतला होता. त्या दिवशी मात्र तिच्या फिल्टरच्या वरच्या बादलीत तुरीची डाळ होती.

रेंज फक्त टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली मिळायची. आम्ही तिथे चढून गेलो, मागोमाग चार बाया गंमत पाहायला आल्या.

"काकू," मी म्हटलं, "रोज फिल्टरचं पानी पेतो म्हनजो. समदे घरचे पेतात म्हनजो."

"आन खरं नाई सांगाचं?"

"खरं सांगतलं तं मी जात नाई."

तिने पदर सारखा केला. "तू गेली तं आमचं काय होईन वं?"

"मोठ्या मोठ्या लोकाइची वळख होईन काकू. मंग पानीबी येईन."

हे मी इतक्या सहज बोलून गेले की क्षणभर माझाच त्यावर विश्वास बसला. काकूने मान हलवली. फोन वाजला.

एक गोरी बाई इंग्रजीत बोलायची आणि तिची दुभाषी ते शहरी मराठीत सांगायची. आवाज मोठा करून मी फोन काकूच्या मांडीवर ठेवला.

"आपण दररोज फिल्टरचं पाणी पिता का?"

"पेतो नं बाई. रोज पेतो. त्याबिगर गयातून उतरतच नाई."

"आणि वस्तीतले बाकीचे लोक?"

"समदे. एकूनएक घर. नाई पेला तं मी घरी जाऊन भांडतो."

मागच्या बायांनी तोंडाला पदर लावले. गोरी बाईसुद्धा हसली असावी. मग विचारलं, "आपल्या घरात लहान मूल आहे का?"

"नात हाय. गंगी. एका वर्साची हाय." काकूचा आवाज एकदम हळू झाला. "तिचे पाय सरके राह्यतीन, बाई, वाकडे नाई होनार. शालूच्या पान्यानं."

फोन बंद झाला. काकूच्या कपाळावर घाम आला होता. "बराबर बोलली नं मी?" तिने विचारलं, आणि मी तिला मिठी मारली. एका बाईने तिची नक्कल केली, "नाई पेला तं भांडतो!" सगळ्या हसत हसत टेकाड उतरल्या. माघ लागला होता. संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा काकू लाल पंपावर हंडा भरत होती, आणि कमरेवर गंगी.

मार्चमध्ये निवडीचा निरोप आला. पोडावर दोन दिवस ढोल वाजला. जूनमध्ये मी निघाले तेव्हा महादेवदादा माझी बॅग घेऊन फाट्यापर्यंत आला. तीन किलोमीटर, त्याच्या पायांनी. मी बॅग मागितली तर म्हणाला, "तू आता साहेबीन होनार. साहेबीन काय आपली बॅग उचलते?" एसटी सुटली तरी तो तिथेच उभा होता. मला त्याच्याकडे पाहवेना, म्हणून मी समोर पाहिलं.

त्या दहा महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छान होते. दहा देशांची मुलं होती, सगळी काही ना काही बदलून आलेली. प्रत्येकाला आपली गोष्ट पडद्यावर चित्रं दाखवत सांगावी लागायची. माझ्या गोष्टीत एक पोड होतं, एक लाल पंप होता आणि शेवटी एकेचाळीस घरं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. पाचव्यांदा नाही अडखळली. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे आणि एका वेळी तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फोनवर आईला विचारायचे, पाणी कसं आहे? ती म्हणायची, हाय तसंच हाय, तू तुई तब्येत पाह्य.

एप्रिलमध्ये परत आले. तालुक्याहून एसटीत बसले आणि खिडकीबाहेर रस्त्याच्या कडेला लांबच लांब चर खणलेला दिसला. चरात काळे पाइप. धरणाची नळयोजना! इतकी वर्षं भिंतीवर पिवळी पडलेली यादी खरी निघाली होती. मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून म्हटलं, "आमच्या पोडावर पानी येऊन राह्यलं." चर एसटीच्या बरोबरीने धावत आमच्या फाट्यापर्यंत आला. सालईपोडाचा रस्ता उजवीकडे जातो. चर डावीकडे वळला.

मी उतरले. उजवीकडची जमीन कोणी फावड्यानेसुद्धा उकरली नव्हती. तिथे काम करणाऱ्या मजुराला विचारलं, इकडे कधी जाणार? तो म्हणाला, "तिकडं नाई हाय बाई. नकाशात नाई."

बॅग घेऊन मी पोडावर गेले नाही. सरळ पंचायत गाठली. नशीब म्हणावं की काय, नगराळेसाहेब जागेवर होते.

"आली का वं?" ते खरंच आनंदाने उठले. "बस, बस. चहा सांगतो."

"साहेब, पाइप डावीकडं काऊन गेला?"

ते बसले. चष्मा काढून धोतराला पुसावा तसा शर्टाच्या टोकाला पुसत राहिले.

"निधी कमी पडला पोरी. तं वरून पत्र आलं का ज्या वस्त्याइची समस्या मिटली त्या वगळा. बाराच्या नऊ केल्या."

"आन आमची मिटली असं कोनं सांगतलं त्याइले?"

साहेबांनी कपाटातून फाइल काढली, एक पान शोधलं आणि फाइल माझ्याकडे वळवली. वरच्या कार्यालयातून आलेल्या पत्राला माझा दाखला जोडलेला होता. सदर वस्तीत पिण्याच्या पाण्याची समस्या आता उरलेली नाही. जावक नंबर. गोल शिक्का. तळाशी माझी ती उतरंड, आणि दुसऱ्या नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण.

"म्या धाडली होती," साहेब म्हणाले. "लिहिली होती म्हून."

मी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"मंग तुमी दुसरं पत्र द्या नं साहेब! चूक झाली म्हनून सांगा त्याइले!"

"देल्लं नं. नाई देल्लं का? ते म्हनले, नगराळे, पह्यलं खरं का दुसरं खरं? दोन्हीवर सही तं तुमचीच हाय. खोटा दाखला देल्ला म्हून चौकशी लावू का?" त्यांनी फाइल मिटली. "माईबी नोकरी हाय. दोन वर्सं राह्यले पेन्शनले. मी गप बसलो."

"पोडावर मालूम हाय?"

"नाव काटलं येवढं मालूम हाय. कागदाचं म्या कोनाले सांगतलं नाई." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी सांगतबी नाई. ते तुयं काम हाय."

चहा आला. मी तो प्यायले. आता याची लाज वाटते, पण प्यायले.

पंचायतीपासून पोडापर्यंत चालत पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मी ठरवलं, आज सगळ्यांसमोर सांगायचं. काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवली. मोठी नव्हतीच ती. कागद मी लिहिला. खोटा लिहिला. पाणी माझ्यामुळे गेलं. शिव्या देतील, आई रडेल, कदाचित कोणी हात उचलेल. पण मग सगळे मिळून तालुक्याला जाऊ, मी तिथल्या साहेबांपुढे उभी राहीन, दाखला खोटा होता असं मी स्वतः लिहून देईन. फेलोशिपवाल्यांना कळलं तर कळलं. दोन्ही पत्रांवर सही नगराळेसाहेबांची होती. तिसऱ्यावर माझी झाली असती. अजून वेळ गेली नव्हती. चर उघडा होता, पाइप बुजवलेले नव्हते. इतकं सोपं होतं सगळं, आणि मी भराभर चालत होते.

पोडावर चावडीपुढे अख्खी वस्ती जमली होती. कोणीतरी मला फाट्यावर उतरताना पाहिलं होतं. दुपारचं ऊन, वर पळसाच्या फांद्यांचा मांडव. आईने ओवाळलं. महादेवदादा आता काठी घेऊन चालायला लागला होता. तो काठी टेकत पुढे आला आणि माझ्या गळ्यात हार घातला. मला नाईकाच्या शेजारी बसवलं. झोलबा नाईक आमच्या पोडाचे प्रमुख, वडिलांच्या वयाचे. त्यांचा शब्द खाली पडत नाही.

"शालू बोलनच," ते म्हणाले. "पन आदी पान्याची गोष्ट निपटवू. नाव काऊन काटलं, ते कोनाले मालूम हाय का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायांमधून दुर्पता काकू उठली. दहा महिन्यांत ती वाकली होती. दोन वर्षांची गंगी तिच्या लुगड्याला धरून उभी होती.

"नाईक, पानी आमच्यानं गेलं," ती म्हणाली.

नाईकांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"शालूच्या टायमाले बाहेर देशातून फोन आला होता. म्या त्याइले सांगतलं का समदं पोड चांगलं पानी पेते. खोटं सांगतलं. ते सरकारनं आयकलं असन. सरकारले वाटलं, याइले कायले पाह्यजे नळ? म्हून काटलं नाव."

टेकाडावर आलेल्या चारही बाया उठून उभ्या राहिल्या. "आमीबी होतो," त्यातली एक म्हणाली. "आमी हासलो."

"असं बोलाले तुले कोनं शिकवलं?" नाईकांनी विचारलं.

काकूने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

"कोनी नाई शिकवलं. मायंच तोंड. पोट्टीचं भलं होईन म्हनून बोलली."

नाईकांनी दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांशी हळू आवाजात बोलून घेतलं. रागावून नाही, दुःखाने. मग म्हणाले, देवाला पाच नारळ. आणि दुर्पताबाईनं वर्षभर चावडीच्या बैठकीत बोलायचं नाही. तोंडानं नुकसान झालं, तोंडालाच दंड. काकू "बरं" म्हणाली आणि खाली बसली. गंगी तिच्या मांडीवर जाऊन बसली.

सालईपोडावर नळ आला तो त्यानंतर सात वर्षांनी, दुसऱ्याच कुठल्या योजनेतून. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, अजून तिथेच आहे. फिल्टरचे दाणे संस्थेने एकदा दिले, मग नाही दिले. गंगीचे गुडघे आता महादेवदादासारखेच एकमेकांना घासतात. त्या सात वर्षांत पोडावर जन्मलेल्या बहुतेक पोरांचे दात पिवळे पडलेत आणि चौघांचे पाय वाकडे आहेत. त्या चौघांची नावं मला माहीत आहेत. काकू गेली त्याला तीन वर्षं झाली.

हे सगळं त्या दुपारी अजून व्हायचं होतं. तेव्हा चर उघडा होता.

"हं, शालू," नाईक माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा खुलला. "आता तू बोल. तू मोठ्या लोकाइत जाऊन आली. सांग, काय पाह्यलं तठी."

मी उभी राहिले. गळ्यातला हार सारखा केला. एकेचाळीस घरांतली माणसं माझ्याकडे पाहत होती. आईचे डोळे भरून आले होते, दादा काठीवर हनुवटी टेकून हसत होता. वाक्यं सगळी पाठ होती. पहिलं वाक्य तीनच शब्दांचं होतं.

मी घसा साफ केला आणि सांगितलं, की तिकडे बर्फ पडतो. सकाळी दार उघडलं की सगळं पांढरं, झाडं पांढरी, रस्ते पांढरे, आणि अजिबात आवाज नाही. पोरांनी आ वासला. मी विमानाचं सांगितलं, मग जिन्याचं, जो आपोआप वर जातो. मी बरंच बोलले.

बोलून झाल्यावर सगळ्यांच्या आधी दुर्पता काकूने टाळ्या वाजवल्या. तिला बोलायची बंदी होती.